गाठीत गाठ पडते

डॉक्टरताई, नमस्कार. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, घरात त्याला चिकू म्हणतो. जूनमध्ये नर्सरीत घातला आणि तेव्हापासून दिवाळीपर्यंत सहा वेळा सर्दी-ताप, एकदा जुलाब. घरी होता तोवर वर्षातून दोनदासुद्धा दवाखाना लागत नव्हता. गेल्या आठवड्यात आंघोळ घालताना मानेला दोन्ही बाजूंना हरभऱ्याएवढ्या गाठी लागल्या आणि माझ्या पोटात धस्स झालं. सासूबाई म्हणतात, ‘याची प्रतिकारशक्तीच कमी, आमची मुलं अशी नव्हती.’ औषधाच्या दुकानातून इम्युनिटी वाढवणारं सिरप आणलंय, माहेरून गुळवेलीचा काढा आलाय. जाऊबाई म्हणतात, शाळा बंद कर. अंग ९९ झालं की मी लगेच तापाचं औषध देते. मागच्या खेपेला घरात उरलेलं अँटिबायोटिकही दिलं. दीड वर्षाचे डोस सर्दीमुळे राहून गेले होते आणि आता व्हॉट्सॲपवर वाचलं की जास्त लशींनी मुलांची स्वतःची ताकद मरते, म्हणून धीर होत नाही. प्रतिकारशक्ती मोजायची काही टेस्ट असते का? करून घेऊ का?
– एक आई, बार्शी

ताई,

आधी गाठींचं बोलू. बाकीचं सगळं पत्र त्या दोन गाठींच्या धास्तीनं लिहिलंय, हे वाचताना कळतं.

आज चिकू झोपला की बोटांची पेरं हलकेच त्याच्या मानेवरून फिरवा. गाठ बोटाखाली इकडेतिकडे सरकते का? मऊसर, रबरासारखी लागते का? हरभरा, फार तर शेंगदाणा, एवढंच माप आहे का? तसं असेल तर निर्धास्त राहा. सहा सर्द्या काढलेल्या पोराच्या मानेला गाठी लागल्या नसत्या तर मीच चक्रावले असते. गाठ सुपारीएवढी झाली, दगडासारखी कडक लागली, जागची हलेना, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात आली, आठवड्यागणिक वाढत गेली, किंवा सोबत वजन घटतंय, संध्याकाळचा बारीक ताप येतोय, घरात कुणाला टीबी आहे, असं काही असेल तर मात्र पुढच्या अंकाची वाट न बघता डॉक्टर गाठा. मानेच्या गाठींचा टीबी, म्हणजे जुन्या लोकांची गंडमाळ, आपल्याकडून अजून गेलेली नाही.

या गाठी मुळात आहेत कशासाठी, हे मला एका काट्यानं शिकवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मे महिना, अनवाणी पाय आणि टाचेत बाभळीचा काटा. आजीनं सुईनं कोरून काढला, पण टोक आतच राहिलं. संध्याकाळपर्यंत टाच लाल आणि गरम, रात्री ठणका. दोन दिवसांनी पांढरट पिवळा पू धरला आणि मी लंगडायला लागले ते टाचेमुळे नव्हे, जांघेतल्या गाठीमुळे. आजी म्हणाली, ‘अवधाण आलंय.’ मला प्रश्न पडला, काटा टाचेत आणि दुखणं जांघेत कसं? आजी म्हणाली, ‘चढतं तसं.’ तिचं बरोबर होतं, फक्त काय चढतं ते तिला ठाऊक नव्हतं.

घडलं ते असं. कातडी हा आपला गावकूस. ती धड आहे तोवर बाहेरचे जंतू बाहेरच. काट्यानं तिला भोक पाडलं आणि काट्यावरचे जंतू आत आले. कातडीखाली काही पेशी कायमच्या मुक्कामाला असतात. कोणता जंतू आला हे त्यांना कळत नाही. एवढंच कळतं की याचं वरचं कवच आपल्या अंगातल्या कुठल्याच पेशीसारखं नाही. तेवढ्यावर त्या बोंब ठोकतात. ही बोंब रसायनांची. तिच्यामुळे जवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून जागा लाल आणि गरम. त्यांच्या भिंतींतून पाणी पाझरतं, म्हणून सूज. मज्जातंतू चाळवतात, म्हणून ठणका. आणि त्या फटींतून रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर उड्या टाकतात. यांतल्या सगळ्यात संख्येनं जास्त त्या न्यूट्रोफिल. मोठ्या माणसाच्या हाडांतला मगज या पेशी रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार करतो, आणि रक्तात आलेल्या जेमतेम एखादा दिवस टिकतात. जंतू गिळायचा, आतल्या आत जाळायचा आणि मरायचं. फोडातून पू आला की आपण ‘घाण निघाली’ म्हणतो. ती बहुतेक या मेलेल्या पेशींचीच रास असते.

पेशी जंतूला गिळतात ही गोष्टसुद्धा काट्यानंच उघडकीला आणली, हा एक गमतीचा योग. १८८२ साली इल्या मेचनिकोव्ह हे रशियन शास्त्रज्ञ इटलीतल्या मेसिना गावी राहत होते. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. त्यांनी बागेतल्या झाडाचे काटे तोडून तिला टोचले, आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढे १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

पण ही झाली पहिली धाव. आंधळी, झटपट, सगळ्या जंतूंना एकाच काठीनं हाकणारी. जांघेतली गाठ आली ती दुसऱ्या कामासाठी.

काटा रुतला तिथल्या काही पेशी लढत बसत नाहीत. त्या जंतूचा तुकडा तोडून अंगावर चिकटवून घेतात आणि लसिकावाहिन्यांच्या बारीक नळ्यांतून जवळच्या गाठीकडे निघतात. पायाची वाट जांघेत जाते, हाताची काखेत, नाक-घशाची मानेत. शरीरात अशा पाच-सहाशे गाठी आहेत. आणि आत काय चालतं म्हणाल, तर बारा महिने चोवीस तास भरलेला वधूवर मेळावा. सगळे जण इथे सैन्याची उपमा देतात. मला मेळाव्याचीच जास्त पटते. कारण गाठीत जमलेल्या लाखो पेशींपैकी (यांना बी आणि टी पेशी म्हणतात) प्रत्येकीची आवड जन्मतःच ठरलेली असते. एका पेशीला एकच आकार ओळखता येतो, दुसरा समोर नाचला तरी ती ढुंकून पाहणार नाही. तुकडा घेऊन आलेली पेशी एकेकीपुढे तो धरत जाते. पत्रिका जुळत नाही, पुढे. जुळत नाही, पुढे. हजारोंना दाखवून होतं आणि मग एकीशी जुळते.

आता यातली मला आजही थक्क करणारी गोष्ट. या आवडी जंतू आल्यावर ठरत नाहीत. शरीर आधीच जनुकांचे तुकडे पत्त्यांसारखे पिसून, कुठलाही हिशेब न ठेवता, अब्जावधी तऱ्हेच्या पेशी करून ठेवतं. बहुतेकींना जन्मभर कोणी भेटत नाही. पण त्यामुळेच बार्शीतल्या साडेतीन वर्षांच्या पोराच्या अंगात अशाही जंतूला ओळखणारी पेशी असू शकते, जो जंतू अजून पृथ्वीवर उपजलेलाच नाही. हे पत्ते कसे पिसले जातात ते सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं आणि त्याबद्दल १९८७ सालचं नोबेल त्यांना मिळालं.

जुळलं की ती एक पेशी दुभंगते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि काही दिवसांत हजारो. एवढी गर्दी झाल्यावर गाठ फुगणार नाही तर काय? चिकूच्या मानेत तुमच्या बोटाला लागली ती ही गर्दी. यातल्या बी पेशी अँटिबॉडी ओतायला लागतात, त्या रक्तातून फिरून नेमक्या त्याच जंतूला चिकटतात आणि त्याचं काही चालू देत नाहीत. टी पेशींतल्या काही जणी आणखी पुढचं काम करतात. विषाणू आपल्याच पेशीच्या पोटात दडून बसला तर अँटिबॉडीला तिथे शिरता येत नाही. मग या मारेकरी पेशी घरोघर फिरून, ज्या पेशीच्या दारावर विषाणूचा तुकडा टांगलेला दिसेल, ती पेशीच विषाणूसकट संपवतात.

या सगळ्याला पहिल्या खेपेला पाच-सात दिवस लागतात, भरात यायला दहा-बारा. स्थळ जुळवायला वेळ हा लागतोच. म्हणून साधी सर्दी ‘औषध घेतलं तर सात दिवसांत आणि नाही घेतलं तर आठवड्यात’ बरी होते. हा विनोद आम्हा डॉक्टरांत फार जुना आहे, आणि सात दिवस पुरे होण्याआधी श्रेय सिरपला मिळतं हे आमचं जुनं दुखणं.

आता चिकूचं नाक. तिथे काट्याची गरज पडत नाही. मधल्या सुट्टीत शेजारच्या मुलानं नाक पुसलेला हात खेळण्याला, खेळण्याचा हात चिकूच्या नाकाला. नाकातला चिकट शेंबूड आणि श्वासनळीतले केसाहूनही बारीक तंतू, जे अडकलेली घाण अखंड वर घशाकडे ढकलत असतात, ते बरंच काही थोपवतात. तिथून गिळलं गेलं तर पोटातलं आम्ल आहे. शेंबडाला नावं ठेवू नका. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, जंतूंची भिंत विरघळवणारं लायसोझाइम शोधलं ते सर्दी झालेल्या नाकातल्या स्रावातच. तेच आपल्या अश्रूंत आणि लाळेतही असतं. मात्र हे तंतू धुरानं लुळे पडतात. घरात कोणी सिगरेट-विडी ओढतं का, मिश्री भाजली जाते का, डास पळवायला कोंदट खोलीत रात्रभर कॉइल जळते का, हे तुमच्या पत्रात नाही. असेल तर सिरपच्या आधी ते बंद करा.

विषाणू आत शिरलाच, तर ताप येतो. ताप जंतू आणत नाही, आपलं शरीर आणतं, ठरवून. पेशींची बोंब मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदू अंगाच्या उष्णतेचा काटा वर सरकवतो. तुम्ही पाहिलं असेल, ताप चढताना पोराचं पोट तापलेलं असतं आणि हातपाय गार, वर कुडकुडतो. काटा वर गेल्यामुळे अंगाला वाटतं आपण थंड पडलोय. म्हणून कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं आणि स्नायू थरथरून ऊब तयार करतात. ताप उतरायला लागला की दरदरून घाम. वाढलेल्या उष्णतेत कित्येक जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशींचं काम जोरात चालतं.

तर ९९ हा ताप नव्हेच. खेळून आलेल्या पोराचं संध्याकाळी तेवढं असतं. १००.४ च्या पुढे ताप म्हणायचा, आणि तेव्हाही आकड्यापेक्षा पोराकडे बघायचं. १०१ अंगावर घेऊन गाडी-गाडी खेळत असेल तर खेळू द्या, पाणी पाजत राहा. मलूल आहे, अंग दुखतंय, पीत नाही, तर पॅरासिटॅमॉल द्या, डॉक्टरांनी वजनावर लिहून दिलेल्या मापानंच. ॲस्पिरिन लहान मुलाला नको. तीन दिवसांवर ताप, आकडी, झोपेतून नीट जागं न होणं, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाणं, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं एक जरी दिसलं तर घरचे प्रयोग बंद.

मग सहा वेळा का? कारण सर्दी हा एक आजार नाही. नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून जास्त प्रकार आहेत, शिवाय सर्दी आणणारे इतर विषाणू वेगळे. चिकूनं जुलैत ज्याच्याशी ओळख करून घेतली तो ऑगस्टमध्ये आला असेल तर तुम्हाला कळलंही नसेल. ऑगस्टमध्ये आजारी पाडलं ते त्याच्या भावकीतल्या दुसऱ्यानं. शाळेत जाण्याच्या आधीच्या वयाच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं हे पुस्तकातही निरोगी मुलाचं वर्णन म्हणून दिलेलं असतं. नर्सरीच्या पहिल्या वर्षी दहा-बाराही होतात. तीन वर्षं तुमच्या घरात त्याला भेटायला कोणी येतच नव्हतं. आता एका वर्गातली वीस-पंचवीस नाकं एकदम भेटली. चिकू अशक्त नाही, नवखा आहे. आत्ता शाळा बंद केलीत तर हीच ओळखपरेड पहिलीच्या वर्गात होईल. नाक वाहत असताना दोन दिवस घरी ठेवा, ते इतर मुलांसाठीही बरं. बाकी शाळा चालू ठेवा.

ओळख किती टिकते? याचा मला सगळ्यात आवडणारा दाखला फॅरो बेटांचा. उत्तर अटलांटिकमधली ही एकाकी बेटं. तिथे १७८१ मध्ये गोवर आला होता, त्यानंतर ६५ वर्षं गोवराचं नाव नाही. १८४६ मध्ये एका जहाजावरून तो परत आला आणि ८ हजारांच्या आसपासच्या वस्तीतले ६ हजारांवर लोक अंथरुणाला खिळले. पाहणीला गेलेल्या पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या लक्षात आलं की ज्या म्हाताऱ्यांना १७८१ मध्ये गोवर होऊन गेला होता, त्यांतल्या त्याला भेटलेल्या एकालाही या खेपेला झाला नाही. ६५ वर्षं मध्ये एकदाही उजळणी नाही, तरी ओळख शाबूत. मेळाव्यात जुळलेल्या पेशींपैकी बहुतेक काम झाल्यावर मरतात, पण थोड्या मागे राहतात आणि जंतू दुसऱ्यांदा आला तर आठवडा न लावता चटकन उठतात. सगळ्या जंतूंच्या बाबतीत ही आठवण इतकी पक्की नसते. काही विषाणू दरवर्षी वेश बदलून येतात, काहींची ओळख लवकर पुसट होते.

इथून तुमच्या राहिलेल्या डोसांकडे येते, आणि इथे मी थोडी कडक होणार आहे.

लस म्हणजे दुसरं काही नाही, मेळाव्यात आधीच पाठवलेला फोटो. दुखणं न आणता ओळख. आपला शब्दही पाहा किती बोलका आहे: जखमेतून पाझरतं त्या पाण्याला आपण लस म्हणतो. जुन्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडाला टोचत, म्हणून टोचायच्या औषधाचंच नाव लस पडलं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला, म्हणजे चिकूच्याच वयाच्या पोरीला, देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली. तिच्या दंडावरच्या लशीतून पुढे इतरांना टोचत गेले. सासूबाईंच्या दंडावर नाहीतर हातावर एक गोल, किंचित खोलगट व्रण असेल. ‘देवी काढलेल्या’ त्याच. त्या व्रणांनीच देवी संपली. १९७५ नंतर भारतात एकही रुग्ण नाही आणि १९८० मध्ये जगातून ती गेल्याचं जाहीर झालं. जास्त लशींनी ताकद मरते म्हणणाऱ्याला विचारा, मरते कशी? लस ती ताकदच कामाला लावते. अंगात मुळातच त्या जंतूला ओळखणारी पेशी नसेल तर लस बिचारी कोणाला उठवणार?

उलट, ओळखी पुसणारा एक आजार खरोखर आहे, आणि तो म्हणजे गोवर. गोवराचा विषाणू ज्या पेशींत घर करतो त्यांत या आठवण ठेवणाऱ्या पेशीच असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं. इतर जंतूंविरुद्धच्या त्यांच्या अँटिबॉडींचा साठा ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत घटला होता. म्हणजे चिकूनं जूनपासून नाक गाळून मिळवलेल्या ओळखी एका गोवरात वाहून जाऊ शकतात. लशीनं असं होत नाही. आणि गोवर काही दूर गेलेला नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे साथ आली होती, लहान मुलं दगावली.

दीड वर्षाच्या डोसात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटी-पोलिओचे बूस्टर असतात. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलंय तिथून पुढे चालू. सरकारी केंद्रात गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत राहिलेला डोस म्हणून देतात, फुकट. साधी सर्दी, बारीक ताप हे डोस चुकवायचं कारण नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला परत पाठवलं असेल तर ती चूक पाठवणाऱ्याची. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग गरम होईल, मांडी किंवा दंड दुखेल. तो वर सांगितलेला आरडाओरडाच, या खेपेला खोट्या काट्यासाठी. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा चमचा मिळतो, तोही राहिलाय का विचारा.

आता सिरप. ‘इम्युनिटी वाढवणारं’ या शब्दातच गफलत आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की कमी झालं, मोटर लावली, भरलं. वाढवायचं म्हणजे नेमकं काय? बोंब वाढवायची? ती नको तिथे वाढली की दमा, शिंका, अंगावर पित्त. परागकण किंवा गाद्यांतल्या धुळीला जंतू समजून केलेला हा गोंधळ असतो. मेळाव्यातली जुळणी सैल करायची? मग पेशी आपल्याच माणसाला परका समजतात आणि आमवात होतो, किंवा स्वादुपिंडावर हल्ला करून लहान मुलांचा मधुमेह. असं होऊ नये म्हणून टी पेशींची छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत कडक परीक्षा होते. स्वतःच्याच अंगावर धावणाऱ्या पेशी तिथेच संपवल्या जातात, आणि एकूण पेशींतल्या बहुतेक त्या परीक्षेतून बाहेर येतच नाहीत. सर्द्या थांबवणारं सिरप माझ्या इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नाही. बाटली संपली की नवी आणू नका.

गुळवेलीचं जरा जपून बोलते, कारण तो माहेरहून आलाय. आयुर्वेदाच्या जाणकार वैद्यानं, पारखलेल्या वेलीचं, मापात दिलेलं औषध ही एक गोष्ट. कुंपणावरची वेल ओळखीनं तोडून रोज उकळून साडेतीन वर्षांच्या पोराला पाजणं ही दुसरी. कोविडच्या काळात असे काढे महिनोन्‌महिने घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, तो वाद मी इथे काढत नाही. पण चिकूला ज्याची गरजच नाही, त्यासाठी एवढा धोकाही कशाला? आईला सांगा, काढ्याऐवजी शेवग्याच्या शेंगा पाठव. डाळ, अंडं चालत असेल तर अंडं, शेंगदाण्याचा लाडू, पालेभाजी, पपई, पेरू. या पेशी शेवटी खाल्लेल्या प्रथिनांतूनच तयार होतात, आणि आपल्याकडे मुलांची प्रतिकारशक्ती खरोखर कमी असते तेव्हा नव्वद वेळा मागे कुपोषण असतं (हा आकडा अभ्यासातला नव्हे, माझ्या ओपीडीतला अंदाज). चिकूचं वजन-उंची अंगणवाडीच्या तक्त्यात वर सरकतेय ना, तेवढं बघा.

उरलेलं अँटिबायोटिक पुन्हा देऊ नका. विषाणूवर ते चालत नाही. मारतं ते पोटातल्या उपयोगी जंतूंना, आणि जे वाचतात ते निगरगट्ट होतात. शिवाय पाणी घालून कालवलेली ती बाटली साधारण आठवडाभरच कामाची असते, फ्रिजच्या दारात महिना काढल्यावर तिच्यात गुलाबी साखरपाणीच उरतं. माझ्या उमेदवारीच्या काळात आयांना रिकाम्या हातानं पाठवायचं धैर्य नव्हतं म्हणून मीही अशा बाटल्या लिहिल्यात. आता लिहीत नाही.

टेस्ट असतात, पण चिकूला आत्ता लागत नाहीत. काही मुलांत एखादी पेशी किंवा अँटिबॉडी जन्मतःच नसते, आणि ती मुलं ओळखता येतात. वर्षात दोनदा न्युमोनिया, कान चार-चार वेळा फुटणं, कातडीखाली किंवा यकृतात पुन्हा पुन्हा गळू, वर्ष उलटल्यावरही तोंडातली पांढरी बुरशी न जाणं, इंजेक्शनशिवाय कुठलाच आजार न हटणं, वजन न वाढणं, किंवा घरात याआधी एखादं मूल असं दगावलेलं असणं. यातलं काही असेल तर साध्या रक्ततपासणीपासून सुरुवात करायची आणि गरज पडली तर मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेपर्यंत जाता येतं. नुसत्या सर्द्यांसाठी पोराच्या हाताला सुया नकोत.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांची मुलं सहाव्या वर्षी शाळेत गेली, चुलत-मावस भावंडांत एकेक दुखणं हळूहळू घेत वाढली, आणि कोणी सर्द्या मोजत नव्हतं. त्या काळातलं न बोललेलंही आहे. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वाढदिवसाच्या आत जात. आज तो आकडा तिसाच्या खाली आहे. ‘आमची मुलं अशी नव्हती’ म्हणताना जी मागे राहिली त्यांचीच मोजदाद होते. हे त्यांना ऐकवायचं नाही, तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं.

गाठी महिन्यातून एकदा, रविवारी न्हाऊ घालताना बघा. सर्दी गेल्यावरही त्या तीन-चार आठवडे राहतात, कधी बारीक होऊन वर्षभर लागत राहतात. रोज चाचपू नका. रोज चाचपणाऱ्या बोटाला गाठ रोज मोठी लागते. आणि लसीकरणाचा वार आशाताईंना विचारून या आठवड्यातच जाऊन या. कार्ड विसरू नका. सासूबाई तयार असतील तर त्यांनाही न्या; सुई बघून चिकूनं भोकाड पसरलं की त्या पदर सारून देवीचा व्रण दाखवतील.